मोडीत काढायची घाई कुणाला?

टाटा इस्टेट ही पुण्यात बनलेली स्टेशन वॅगन 1992 साली आली. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार गाडी 'विंटेज' ठरायला पन्नाशी ओलांडावी लागते. म्हणजे पहिल्या इस्टेटलाही 2042 उजाडणार. तोवर तिला जगवणार कोण? रविवारी पार्किंगमध्ये गंज घासून प्रायमर मारणारा, मागच्या दाराचं रबर बदलणारा माणूसच. त्यालाच सोसायटी सुनावते, 'भंगार हलवा!'

धूर मोजा, ब्रेक तपासा. नापास झाली तर खुशाल थांबवा. पण नुसती जन्मतारीख बघून निकाल लावू नका. आम्ही सॉफ्टवेअरवाले बँकांचा कित्येक दशकं जुना कोड सांभाळतोच की! तो चालतो, म्हणून टिकतो. आज सगळ्या इस्टेट मोडीत काढल्यात, तर 2042 मध्ये वारसा म्हणून दाखवाल काय? फोटो?