एका बाळासाठीही बाटली फोडा!

करंगळीएवढी एक बाटली. तिच्या तळाशी चिमूटभर कोरडी भुकटी. सोबत आलेल्या द्रावणातच ती विरघळवायची, दोन ते आठ अंशांच्या गारव्यात जपायची, आणि एकदा विरघळली की चार तासांत संपवायची. उरली तर फेकून द्यायची. गोवर-रुबेलाची लस ती हीच. एका बाटलीत पाच किंवा दहा मुलांचे डोस असतात. मग समोर एकच मूल आले तर? 'आज पोरं कमी आहेत, पुढच्या खेपेला ये' या एका वाक्यापायी देशभरात किती मुले लसीवाचून राहिली असतील! कारखान्यात रोजावर जाणारी आई त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. पुढच्या खेपेला ती येत नाही. गोवर मात्र येतो.

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेसारख्या गावाने हे नीट समजून घेतले पाहिजे. इथे औद्योगिक वसाहत आहे, तिच्या आधाराने भाड्याच्या खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांत कोणत्या राज्यातून कोणते कुटुंब कधी आले आणि कधी गेले, याचा हिशेब ठेवणारे कोणी नाही. पंचायतीची हद्द दोडामार्गला महाराष्ट्राला भिडते. नाक्यावर दारू तपासतात, वाहनांची कागदपत्रे तपासतात. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड कोण पाहतो?

2022 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईत गोवंडीच्या रफीनगरात एकाच कुटुंबातली तीन मुले एकापाठोपाठ दगावली, तेव्हा महानगर खडबडून जागे झाले. मग केंद्राचे पथक आले, घरोघर पाहणी झाली, जादा डोस द्यायला सुरुवात झाली. भिवंडी आणि मालेगावही गोवराच्या त्या साथीत होरपळले. पाहणी होऊ शकत होती, डोसही उपलब्ध होते. मग ते सारे मुले दगावण्याआधी का झाले नाही? गोवराच्या रुग्णाजवळ आलेल्या, लस न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो गाठतो. रुग्ण खोलीबाहेर गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत तरंगत राहतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना रोग देऊ लागते. म्हणजे आईला कळते तोवर सारी चाळ बाधित झालेली असते. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन डोस मिळालेच पाहिजेत: पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान.

गोवा यात पुढे आहे, असे आपण छाती फुगवून सांगतो. 2017 च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेला मोहिमेच्या पहिल्याच टप्प्यात गोवा होता. महाराष्ट्राची पाळी 2018 च्या नोव्हेंबरात आली. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने आपले पितळ उघडे पाडले. बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलांमधले संपूर्ण लसीकरण 2015-16 मध्ये 88.4 टक्के होते, ते 2019-20 मध्ये 81.9 टक्क्यांवर घसरले. देशाचा आकडा चढत असताना गोव्याचा उतरला! साक्षरता, रस्ते, इस्पितळे सगळे असताना. आणखी एक गोष्ट ऐकून तरी लाज वाटावी: देशभर आशा स्वयंसेविका उभ्या राहिल्या, गोव्यात ती योजनाच राबवली गेली नाही. दोडामार्गच्या पलीकडच्या वाडीत दार ठोठावणारी बाई आहे. इकडे गोव्यात सारा भार नर्स आणि अंगणवाडी ताईच्या खांद्यावर. त्यांच्या पायाला भिंगरी बांधली तरी भाड्याच्या प्रत्येक खोलीपर्यंत त्या कशा पोचणार?

लस घ्यायला कचरणाऱ्या आईबापांना मूर्ख म्हणणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. 2022 च्या जानेवारीत शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, ही लस टोचल्यानंतर तीन बाळे गेली. लस नीट साठवली गेली नव्हती, असे चौकशीत पुढे आले. दोष लसीचा नव्हता, ती हाताळणाऱ्या हातांचा होता. पण भय बसले ते लसीचे. हे भय तसेच वाढू दिले तर काय होते, ते सामोआने पाहिले आहे. दोन लाख वस्तीचा तो बेटांचा देश. 2018 मध्ये परिचारिकांनी लसीच्या भुकटीत पाण्याऐवजी भलतेच औषध मिसळले आणि दोन बाळे गेली. लोकांचा विश्वास उडाला, सरकारने लसीकरणच काही काळ थांबवले, प्रमाण तिशीवर आले. 2019 च्या अखेरीस गोवराने तिथे 83 बळी घेतले, बहुतेक सारी लहान मुले. शेवटी दोन दिवस सारा कारभार बंद ठेवून पथके घरोघर फिरली; लस न घेतलेले कोणी घरात असेल तर दारावर लाल फडके बांधा, असा हुकूम निघाला. त्या लाल फडक्यांनी भरलेल्या गल्ल्या आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ द्यायच्या नसतील तर आधी भुकटी, पाणी आणि शीतपेटी यांत तसूभर चूक होता कामा नये.

आणि देवीचे नाव घेणाऱ्यांना हात जोडून, पण खणखणीत सांगतो: गोवराला देवीचा कोप समजून हवे तर घरात फोडणी बंद करा, कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवा, देवळात गाऱ्हाणे घाला, देवी कुणाचे मूल मागत नाही. पण ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ आणि धाप ही लक्षणे दिसताच मुलाला डिचोलीच्या दवाखान्यात न्या, आणि तिथे रोग लपवू नका. गोवर स्वतः जितके मारतो त्याहून अधिक त्याच्या पाठोपाठ आलेला न्यूमोनिया आणि जुलाब मारतात. जीवनसत्त्व 'अ'चे दोन डोस वेळेवर मिळाले तर जीव वाचतात, डोळे वाचतात. एके काळी 'देवीचा रोगी कळवा' अशा पाट्या भिंतीभिंतींवर होत्या आणि याच देशाने देवीचा रोग गाडला. गोवर मात्र 2023 पर्यंत हटवायचा होता, तो मुहूर्त टळला. आता 2026 म्हणतात.

डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या प्रत्येक पंचायतीने खोलीमालकांकडून भाडेकरूंच्या पाच वर्षांखालच्या मुलांची यादी आठ दिवसांत घ्यावी. वसाहतीतल्या कारखानदारांनी लसीकरणाच्या दिवशी आईला भरपगारी सुटी द्यावी. आरोग्य खात्याने लेखी हुकूम काढावा की एक मूल आले तरी बाटली फुटेल. उरलेले डोस वाया गेले म्हणून कोणत्याही नर्सला जाब विचारला जाणार नाही.

आणि लाटंबार्सेकरांनो, येत्या ग्रामसभेत रस्ता आणि नळ यांच्याआधी हा प्रश्न उभा करा: आमच्या प्रत्येक वाड्यावर, भाड्याच्या खोल्या धरून, नऊ महिन्यांवरची मुले किती आणि दोन्ही डोस झालेली किती? सचिवांच्या वहीत तो आकडा नसेल, तर तो येईपर्यंत पुढचा विषय घेऊ देऊ नका.