विश्लेषण : वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ‘मेकरस्पेस’ कशासाठी? यंत्रे घेतली की काम झाले का?

वास्तुकला महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत हल्ली थ्रीडी प्रिंटर आणि लेझर कटरची छायाचित्रे हमखास असतात. यंत्रे आली ही चांगलीच गोष्ट. पण ती विद्यार्थ्यांच्या हाती किती वेळ येतात, शिकवतो कोण आणि त्याच जागेत वीट-लाकडाला स्थान आहे का, यावर त्यांचा उपयोग ठरतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी इमारती काढायला शिकतो. त्या उभ्या कशा राहतात हे त्याला कुठे कळणार, हा खरा प्रश्न आहे.

मेकरस्पेस म्हणजे काय?

हाताची अवजारे आणि संगणकावर चालणारी यंत्रे एकत्र असलेली, सर्वांना वापरता येणारी कार्यशाळा म्हणजे मेकरस्पेस. लेझर कटरवर पुठ्ठा, अॅक्रिलिक, पातळ प्लायवूड कापता येते. थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकचे थर एकावर एक चढवत वस्तू घडवतो. सीएनसी राउटरवर प्लायवूडची अख्खी शीट कापून खऱ्या मापाचे सांधे बनवता येतात. सोबत करवत, रंधा, पटाशी, वेल्डिंगची जागा आणि बाहेर अंगणात विटा, वाळू, सिमेंट असेल, तर ती वास्तुकलेची कार्यशाळा झाली.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. जर्मनीतील वायमार येथे १९१९ मध्ये वॉल्टर ग्रोपियस यांनी सुरू केलेल्या बाउहाउसचा पायाच कार्यशाळा होता. तिथे एका कार्यशाळेला दोन शिक्षक असत, एक कलावंत आणि एक कारागीर. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठाने १९९३ मध्ये ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. तिथले विद्यार्थी अलाबामातील गरीब वस्त्यांसाठी घरे आणि सार्वजनिक इमारती आखतात आणि स्वतः बांधतातही. एमआयटीत नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘जवळपास काहीही कसे बनवावे’ या आशयाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्या कामातून पुढे ‘फॅब लॅब’ची चळवळ उभी राहिली.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध काय?

अगदी जवळचा. अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमात सुरू झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचा आग्रहच हाताने काम करत शिकण्याचा होता. म्हणजे जी गोष्ट आज शहरातील महाविद्यालये नवलाई म्हणून मिरवतात, ती या राज्यातील एका खेड्यात दोन दशकांपूर्वीच रुजली होती.

शाळांच्या पातळीवरही हालचाल आहे. अटल टिंकरिंग लॅब योजनेतून देशभरात सुमारे १० हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि आणखी ५० हजारांची घोषणा केंद्राने २०२५च्या अर्थसंकल्पात केली. शाळेत थ्रीडी प्रिंटर हाताळलेला मुलगा वास्तुकलेला आला आणि तिथल्या कार्यशाळेला कुलूप दिसले, तर त्याने काय समजावे?

मग अडते कुठे?

यंत्रे एकदा निधी मिळाला की येतात. माणूस दरमहा पगार मागतो. त्यामुळे खरेदी होते, पण कुशल कार्यशाळा साहाय्यकाची जागा भरली जात नाही. यंत्र बिघडले की महिनोन्महिने झाकून राहते. साहाय्यक नसेल तर धोकाही आहे. मॉडेलसाठी सर्रास वापरला जाणारा पीव्हीसीचा फोम बोर्ड लेझरवर कापला, तर हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक असतोच, यंत्रालाही गंज चढवतो. हे सांगणारे कोणी जवळ हवे.

दुसरी अडचण वेळेची. विद्यार्थ्यांचे काम रात्री आणि सबमिशनच्या आदल्या आठवड्यात चालते, कार्यशाळा मात्र कार्यालयीन वेळेत बंद होते. मग मुले बाहेरच्या दुकानातून पैसे देऊन मॉडेल कापून आणतात. ज्याला परवडते त्याचे मॉडेल ज्युरीसमोर देखणे दिसते. ज्याला परवडत नाही तो पुठ्ठा आणि कटरवर भागवतो. दोघांच्या कल्पनांची तुलना मग बरोबरीची राहत नाही.

वास्तुरचनाकाराने गवंडीकाम का शिकावे?

त्याचे काम आराखड्याचे आहे, विटा रचण्याचे नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कमान स्वतः रचून पाहिलेल्या विद्यार्थ्याला आधार काढताना भार कुठे जातो ते कळते. ओळंबा धरलेल्याला भिंत किती सहज कलते ते कळते. पुढे साइटवर मिस्त्री ‘हे असे होणार नाही’ म्हणाला, तर त्यात तथ्य किती आणि टाळाटाळ किती, हे त्यालाच ओळखता येते. गळती, तडे, चुकीचा उतार यांची किंमत शेवटी घरात राहणारा माणूस मोजतो.

खर्चाचे काय?

प्रत्येक महाविद्यालयाने सगळी यंत्रे घ्यायची गरज नाही. राज्यातील आयटीआयमध्ये सुतारकाम आणि वेल्डिंगच्या कार्यशाळा आणि शिकवणारे निदेशकही आहेत. शेजारच्या आयटीआयशी करार करून ठरावीक दिवस विद्यार्थी तिथे पाठवता येतील. त्या तासांना श्रेयांक द्यावेत. साहित्य खरेदीच्या भावाने मिळावे आणि उरलेले तुकडे सर्वांसाठी ठेवावेत. पहिला खर्च मात्र यंत्रावर नव्हे, शिकवणाऱ्या कारागिरावर व्हावा. चांगला सुतार आणि साधी अवजारे एवढ्यावर कार्यशाळा चालते. नुसत्या यंत्रांवर ती चालत नाही.

पालकांनी प्रवेशापूर्वी काय विचारावे?

कार्यशाळा आहे का, एवढे विचारून थांबू नये. ती किती वाजेपर्यंत उघडी असते? पूर्णवेळ साहाय्यक आहे का? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यंत्र वापरू देतात का? गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी खऱ्या मापाचे काय बांधले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रात नव्हे, आवारात दिसायला हवे.