रविवार कुणाचा?

रविवारी विहारात वंदनेला तरुण येत नाहीत, ही तक्रार आपल्या बैठकांत नेहमीची. वस्तीत काम करताना मला दिसणारे कारण साधे आहे: अनेकांना रविवारच नसतो. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, डिलिव्हरी करणारी मुले यांनी सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडते.

ही सुट्टी मालकांनी आपणहून दिलेली नाही. मुंबईचे गिरणी कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, अशा त्यातल्या मागण्या. एप्रिल 1890 मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. एका दिवसासाठी सहा वर्षे!

'रविवारची सुट्टी बाबासाहेबांनी दिली' अशा पोस्ट आपलेच लोक फिरवतात. हे थांबवायला हवे. लोखंडेंचे श्रेय लोखंडेंना द्यावे. बाबासाहेबांना उसन्या श्रेयाची गरज नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना (1942-46) त्यांनी कारखान्यांत पगारी रजेची तरतूद आणली आणि 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आणला.

आज पेच याच 48 तासांचा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कमाल मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम, जादा कामाला कामगाराची संमती हवी, असे सांगितले गेले. हिशेबाने चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी! पण ज्याचे कंत्राट दरवर्षी मुकादमाच्या मर्जीवर टिकते, तो संमती नाकारेल कशी? कागदावरची संमती आणि पोटाची मजबुरी यांतला फरक आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

किमान वेतनाच्या कायद्यात आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा मोबदला देण्याची तरतूद 1948 पासून आहे. वस्तीत ती सांगितली की लोक हसतात. म्हणून आता आम्ही हजेरीपट आणि पगारपावत्या गोळा करतो आहोत: महिन्यात किती दिवस भरले, किती दिवसांचा पगार आला. तुमच्या वस्तीतही विचारून पाहा. फक्त रविवारी विचारायला जाऊ नका, कुणी घरी भेटणार नाही.