फाटक्या आवाजाचे सोवळे

मराठीत आवाज ‘फाटतो’. मांडवातल्या कर्ण्याचा फाटतो, गणपतीत दहाव्या दिवशी आरती म्हणणाऱ्याचा फाटतो, आणि इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा तर हौसेने फाडला जातो. डिस्टॉर्शनला परिभाषाकोशाच्या धाटणीने ‘विरूपण’ म्हणता येईल. पण फाटणे हा शब्द अधिक नेमका आहे, कारण त्यात प्रत्यक्ष घडणारी क्रिया आहे. स्वरलहरीचा माथा यंत्राच्या मर्यादेवर आदळतो आणि छाटला जातो. त्या छाटलेल्या कडांतून तारेच्या मूळ आवाजात नसलेले उपस्वर जन्माला येतात. रॉक संगीताची निम्मी भाषा या अपघातावर उभी आहे.

साहित्याच्या पानावर हा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. घरी संगणकावर गिटार ध्वनिमुद्रित करणाऱ्यांमध्ये या फाटक्या आवाजाच्या ‘दर्जा’वरून जो वाद अखंड चालू असतो, तो आपल्या परिचयाचाच आहे. अस्सल आणि नक्कल, शैली आणि उसनवारी, संदर्भ आणि सुटा उतारा, आणि या सर्वांवर कळस म्हणजे अर्थ हरवलेली विशेषणे. समीक्षेतले आपले सगळे जुने आजार तिथे आहेत, आणि ते आपल्यापेक्षा तरुण माणसांना झालेले आहेत. महाविद्यालयांतून शिकवणाऱ्या कुणालाही असा एखादा विद्यार्थी ठाऊक असेल, ज्याच्या संगणकावर स्वतःची आठ-दहा गाणी अर्धवट पडून आहेत, आणि ‘टोन अजून जमत नाही’ हे त्याचे एकमेव कारण आहे.

या विद्यार्थ्याची स्थिती समजून घ्यायला हवी. तो सदनिकेत राहतो. शंभर वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर त्याला परवडत नाही, आणि परवडला तरी भिंतीपलीकडचे काका तो वाजवू देणार नाहीत. म्हणून गिटारची तार थेट संगणकाला जोडलेल्या छोट्या पेटीत जाते आणि अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरचे खोके, मायक्रोफोन हे सर्व सॉफ्टवेअर गणिताने घडवते. आता त्याला सल्ला देणारे दोन पंथ आहेत. पहिला सोवळ्यांचा: व्हॉल्व्ह तापल्याखेरीज, हवा हलल्याखेरीज आवाज खरा नाही, संगणकातले सारे बेगडी. दुसरा ग्राहकांचा: तुझ्याकडचे सॉफ्टवेअर जुने झाले, नवे घे, म्हणजे आवाज खरा होईल. हे दोन पंथ एकमेकांशी हिरिरीने भांडतात; मला मात्र त्यांच्यात फरक दिसत नाही. चांगला आवाज एका वस्तूत वास करतो आणि ती वस्तू मिळवणे हीच साधना, अशी दोघांचीही श्रद्धा आहे.

सोवळ्यांचे अस्सल तरी किती अस्सल, ते पाहू. १९५१ साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित झाले, ते इजा झालेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कागद कोंबून. लिंक रे याने १९५८च्या ‘रंबल’साठी स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडल्याची कथा प्रसिद्ध आहे. १९६४मध्ये ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने एका लहानशा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. या साऱ्या मोडतोडीत ‘शुद्ध’ परंपरा कुठे शोधायची? आणखी पुढे. १९६१मध्ये नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोंट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिनचे बास गिटारवरचे वादन ध्वनिमिश्रण-यंत्राच्या बिघडलेल्या भागातून गेले आणि फाटून बाहेर आले. तो बिघाड लोकांना इतका आवडला की १९६२मध्ये तो खोक्यात भरून ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ नावाने विक्रीस ठेवण्यात आला. गिटारमधून सॅक्सोफोन किंवा तुतारीसारखे आवाज काढा, अशी त्याची जाहिरात होती. म्हणजे जन्मतःच ती दुसऱ्या वाद्याची नक्कल होती. १९६५मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’ची ती प्रसिद्ध धून कीथ रिचर्ड्सने याच खोक्यातून वाजवली ती कच्चा आराखडा म्हणून, पुढे तिथे वाद्यवृंदातली फुंकवाद्ये यावीत, असे त्याच्या मनात होते. आराखडाच छापला गेला. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने ते गाणे खरोखरीची फुंकवाद्ये घेऊन गायिले, आणि जगाच्या कानात मात्र आराखडाच राहिला.

(योगायोग पाहा: १९६२ हेच वर्ष मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांचेही आहे. एका बाजूला ऱ्हस्वदीर्घाचा निवाडा चालू असताना दुसऱ्या बाजूला अशुद्धतेचे खोके दुकानात मांडले जात होते. यातून काही सिद्ध होत नाही. पण आठवण आल्यावाचून राहत नाही.)

आणि ज्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरच्या नावाने सोवळे सर्वाधिक भावुक होतात, त्याचा पहिला अवतार, लंडनमधला जेटीएम-४५, हा अमेरिकन फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या अ‍ॅम्प्लिफायरचा नकाशा जवळजवळ तसाच उतरवून बनवलेला होता. ‘बासमन’ बास गिटारसाठी होता, आणि तो फाटू नये हीच बनवणाऱ्यांची अपेक्षा होती. अर्थात ज्याला आज मूळ संहिता मानून सॉफ्टवेअरला नकलेचा दोष दिला जातो, ती संहिता दुसऱ्याच कामासाठी केलेल्या यंत्राची प्रत आहे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना यात नवल वाटू नये. घरी केलेले काम हलके, या समजुतीविषयीही इथेच बोलून टाकतो: १९७६चा ‘बॉस्टन’ हा पहिला संग्रह, ज्याच्या गिटारच्या आवाजाची आजही नक्कल होते, टॉम शोल्झने बहुतांशी आपल्या घराच्या तळघरात ध्वनिमुद्रित केला.

सॉफ्टवेअरवर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र रास्त आहे, आणि तो सोवळ्यांना नीट मांडताही येत नाही, हे त्यांचे दुर्दैव. संगणक आवाजाचे सेकंदाला बहुधा ४४,१०० नमुने घेतो; त्यामुळे २२,०५० हर्ट्झच्या वरची कंपने त्याला लिहिताच येत नाहीत. पण फाटणे म्हणजे तर वरचे उपस्वर निर्माण करणे. ते या छताच्या वर गेले की हरवत नाहीत. छतावर आदळून खाली परततात. ३,००० हर्ट्झच्या कंपनाचा अकरावा गुणित ३३,०००चा. तो परत येतो ११,१०० हर्ट्झवर, आणि ११,१०० हा ३,०००चा कोणताच गुणित नाही. म्हणजे मूळ स्वराशी नाते नसलेला एक परका आवाज आत शिरतो. वादकाने तार ओढून स्वर चढवला की हा परका उलट खाली उतरतो. ‘संगणकी’, ‘काचेरी’ अशी जी तक्रार असते तिच्यामागे पुष्कळदा हेच असते. उपाय माहीत आहे: फाडण्याचे गणित काही पट अधिक नमुन्यांवर करायचे, वरचे गाळायचे आणि मग मूळ मापावर परतायचे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक खटका असतो आणि संगणकावर भार नको म्हणून तो बंद ठेवलेला असतो. तो चालू करण्याऐवजी आत्मा नाही, प्राण नाही, असा विलाप करणे म्हणजे मुद्रणदोषाला कवीची प्रतिभा जबाबदार धरण्यासारखे आहे.

विलापाच्या या भाषेवरच माझा खरा राग आहे. उबदार, मलईदार, भरीव, रसरशीत, जिवंत: या विशेषणांनी कोणती कळ फिरवावी, ते सांगता येत नाही. नव्या कवितासंग्रहांच्या मलपृष्ठांवर ‘तरल’ आणि ‘आत्ममग्न’ जे काम करतात तेच ही करतात. याउलट मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या कारागिरांची भाषा पाहा. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? तार घोडीच्या पृष्ठभागाला किंचित घासत राहावी आणि त्या घासण्यातून उपस्वरांची झळाळी उठावी, ही योजना. शुद्ध तारेच्या दृष्टीने ती बाधाच. पण कारागीर ‘खुली जवारी’ किंवा ‘बंद जवारी’ म्हणतो तेव्हा त्या शब्दामागे कानस आहे, घोडीचा उतार आहे, तारेखाली सरकवायचा दोरा आहे. त्याचा शब्द हाताला काम सांगतो.

तशी भाषा गिटारच्या फाटक्या आवाजासाठीही शक्य आहे. एक उदाहरण विस्ताराने घेतो. गिटारची सर्वांत खालची तार ८२.४ हर्ट्झवर वाजते; तिचा पंचम १२३.५वर. हे दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या वजाबाकीचा, सुमारे ४१ हर्ट्झचा, तिसरा स्वर उमटतो, आणि तो मूळ षड्जाच्या बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज असतो. दोन बोटांत मावणारी ही स्वरजोडी, जिला पॉवर कॉर्ड म्हणतात, एवढी भारदस्त का वाटते, त्याचे हे कारण. आता त्यात गंधार मिसळा. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. तो गिटारच्या तारेतही असतो, षड्जाचा पाचवा गुणित म्हणून, ४१२ हर्ट्झवर. पण गिटारच्या पडद्यांनी दिलेला गंधार समविभागी, थोडा चढा. त्याचा चौथा गुणित ४१५ हर्ट्झवर येतो. एकच जागा मागणारे हे दोन स्वर सेकंदाला तीनदा एकमेकांवर आपटतात. स्वच्छ वादनात ही कुरबुर क्षीण असते. फाडण्याची मात्रा, म्हणजे गेन, वाढवली की ती मोठी होते आणि तशाच आणखी डझनभर कुरबुरी जन्माला येतात. विद्यार्थी याला ‘चिखल’ म्हणतो आणि नवे सॉफ्टवेअर शोधतो. त्याने गंधार सोडून पाहावा, किंवा गेन निम्म्यावर आणावा. फुकट आहे.

गेनचे आकर्षण समजण्यासारखे आहे. खोलीत एकट्याने वाजवताना तो चुका झाकतो, स्वर लांबवतो, हाताला बळ आल्याचा भास देतो. पण तो तारेवरचा आघात आणि शांतता यांतले अंतरही बुजवतो, आणि आघातच नाहीसा झाला की वादक कोण, हे कळेनासे होते. दर नामामागे तीन विशेषणे लावणाऱ्या गद्यात लेखक असाच बुडतो. चांगल्या फाटक्या आवाजातले बरेचसे काम फाटण्याच्या आधी आणि नंतर होते, आणि ते कापण्याचे असते. आधी खर्ज कमी करावा, कारण जाड कंपने फाटली की सर्वांना गिळतात. इबानेझचे १९७९चे ‘ट्यूब स्क्रीमर’ कित्येक जण स्वतःचा गेन जवळजवळ शून्यावर ठेवून मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी जोडतात ते एवढ्यासाठीच: ते खर्ज छाटते आणि मधला पट्टा पुढे आणते. नंतरची कापणी स्पीकरची. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही बोलतच नाही. स्पीकरविना फाटका आवाज ऐकणे म्हणजे डब्यात कोंडलेली गांधीलमाशी ऐकणे. सॉफ्टवेअरमध्ये ही जागा इम्पल्स रिस्पॉन्स घेतो. खऱ्या खोक्याने, खऱ्या मायक्रोफोनसमोर, एका क्षणिक ठोक्याला कसा प्रतिसाद दिला, त्याची ती नोंद असते. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यावरून कडेकडे दोन बोटे सरकला की जेवढा फरक पडतो, तेवढा अ‍ॅम्प्लिफायर बदलूनही पुष्कळदा पडत नाही. तरीही विद्यार्थी चाळीस अ‍ॅम्प्लिफायर पालटून पाहतो आणि खोके पहिल्या दिवशी होते तेच राहते.

आता सुट्या उताऱ्याविषयी. प्रत्येक ध्वनिमुद्रण-सॉफ्टवेअरमध्ये एकच वाद्य ऐकवणारी ‘सोलो’ची कळ असते. ती दाबून गिटारचा आवाज तासन्‌तास घडवणे म्हणजे कवितेतली एक ओळ फळ्यावर लिहून तिचे सौंदर्य मोजणे. एकटी ऐकताना पातळ, नाकातली वाटणारी गिटार पूर्ण गाण्यात नेमकी बसते, आणि एकटी असताना भव्य वाटणारी गिटार बास गिटारच्या उरावर बसते. वर आलेले ४१ हर्ट्झ आठवा: चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार तिथेच बोलते. ज्या ध्वनिमुद्रिकांतल्या गिटारच्या ‘वजना’चे आपण कौतुक करतो, त्यातले कितीतरी वजन बास गिटारचे असते. रुंदीचेही तसेच. तोच तुकडा दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवला की भिंत उभी राहते; एकाच वादनाची प्रत करून दोन्हीकडे ठेवली तर आवाज मधोमध साचतो, फक्त मोठा होतो. फरक दोन वादनांतल्या बारीक विसंवादाचा आहे. तो विकत मिळत नाही. पुन्हा वाजवावे लागते, आणि बोटे पक्की नसतील तर दहादा वाजवावे लागते.

प्रसिद्ध वादकांच्या नावांनी विकल्या जाणाऱ्या तयार मांडण्यांविषयी, प्रीसेटांविषयी, फार लिहावेसे वाटत नाही. त्या त्या वादकाच्या गिटारसाठी, हातासाठी, गाण्यासाठी झालेल्या असतात. त्या उघडून पाहाव्यात, काय कापले आहे ते वाचावे आणि बंद कराव्यात. आपल्याकडे एखाद्या कवीची प्रतिमासृष्टी अशीच जशीच्या तशी उघडून वर्षानुवर्षे वापरणारे लोक आहेत. पण त्यांच्यावर वेगळा लेख लागेल.

दोन्ही पंथांपुढे एक प्रयोग ठेवतो. एकच स्वच्छ वादन घ्या. ते खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून, महागड्या सॉफ्टवेअरमधून आणि अलीकडे फुकट मिळणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमधून फाडा. तिन्हींचा मोठेपणा मोजून समान करा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो आणि दुकानदारांना हे ठाऊक असते. मग ड्रम आणि बास गिटारसह, नावे झाकून, एखाद्या तिऱ्हाइताला ऐकवा, आणि आपणही ऐका. तिन्हींतला कोणता आवडला ते सांगताना उबदार, जिवंत आणि अस्सल हे तीन शब्द वापरायचे नाहीत.