शुल्कमाफीपलीकडचा विद्यार्थी

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या चर्चेत गरीब विद्यार्थ्याचा विचार बहुधा शुल्कापासून सुरू होतो आणि शुल्कापाशीच संपतो. शुल्क माफ झाले किंवा शिष्यवृत्तीतून भागले, की त्याचा आर्थिक प्रश्न सुटला असे मानले जाते. आणि त्यानंतरही तो मध्येच शिक्षण सोडून गावी परतला, तर त्याचे कारण त्याच्या जिद्दीच्या अभावात किंवा घरच्यांच्या अनास्थेत शोधले जाते. हा समज चुकीचा आहे. शिकणाऱ्याला वर्गाइतकीच खाणावळीची, खोलीची, औषधाची आणि बसच्या पासची गरज असते, आणि यांपैकी एखादी गोष्ट ऐन परीक्षेच्या महिन्यात तुटली, तर माफ झालेले शुल्कही त्याला महाविद्यालयात टिकवू शकत नाही. म्हणून प्रत्येक विद्यापीठाने तातडीच्या आर्थिक मदतीची आणि मूलभूत गरजांच्या आधाराची कायम व्यवस्था उभारली पाहिजे, आणि ही व्यवस्था दातृत्वाचा नव्हे, तर शैक्षणिक कर्तव्याचा भाग मानली पाहिजे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. तातडीची मदत म्हणजे अकस्मात आलेल्या अडचणीत काही दिवसांच्या आत मिळणारी, परत न करावयाची लहान रक्कम. आणि मूलभूत गरजा म्हणजे अन्न, निवारा, आरोग्य व प्रवास.

या भूमिकेवरचा पहिला आक्षेप असा की, राज्यात योजनांची मुळीच वाण नाही. वरकरणी हे खरे आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. स्वाधारची रचना तर या लेखाच्या बाजूनेच साक्ष देते, कारण मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ठरवलेल्या वार्षिक ६०,००० रुपयांत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० अशी स्वतंत्र विभागणी करून शासनाने जेवण व खोली हा शिक्षणाचाच खर्च असल्याचे मान्य केले आहे. प्रश्न तत्त्वाचा उरत नाही. उरतो तो वेळेचा. अर्ज भरणे, महाविद्यालयाची पडताळणी, विभागाची मंजुरी, आधारशी जोडलेल्या खात्यात हप्ता जमा होणे, या साखळीत महिने जातात, आणि खाणावळचालक मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो. जातीची, उत्पन्नाची, गुणांची, अंतराची अट घालून आखलेली योजना ठरावीक वर्गाच्या ठरावीक गरजेला उत्तर देते. वडिलांचा अपघात, पीक बुडणे, घरमालकाने खोली सोडायला सांगणे यांसारख्या प्रसंगांना तिच्या अर्जात रकानाच नसतो. शिष्यवृत्ती वर्षाचा हिशेब करते, संकट आठवड्यात येते. या दोन कालगणनांतील दरी भरून काढणे हेच तातडीच्या मदतीचे काम आहे.

दुष्काळाच्या वेळी ही दरी अधिक स्पष्ट दिसते. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत अशा उपायांबरोबर विद्यार्थ्यांसाठी परीक्षा शुल्काची माफी दिली गेली. ती योग्यच होती. परंतु मराठवाड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींचा दुष्काळ परीक्षेच्या अर्जावर नव्हे, तर गावाकडून येणाऱ्या पैशात होता. घरून रक्कम येणे थांबले की आधी एक वेळचा डबा बंद होतो, मग खोलीचे भाडे थकते, आणि परीक्षेला बसण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. परीक्षेचे शुल्क माफ करून रोजच्या भुकेचे उत्तर देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि भावनेला अधिक जवळचा आहे: मागच्या पिढ्या वार लावून जेवल्या, माधुकरी मागून शिकल्या आणि त्या हालअपेष्टांतूनच घडल्या, तेव्हा आजच्या विद्यार्थ्यांना इतके जपण्याचे कारण नाही. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरी जेवणाची सोय ठरवून घेणे, आणि माधुकरी म्हणजे घरोघरी जाऊन शिजवलेले अन्न मागून आणणे. या प्रथांचा गौरव करताना दोन गोष्टी नजरेआड होतात. एक, तो विद्यार्थी एकाकीपणे झगडत नव्हता. समाजाने त्याच्या पोटाची नियमित व्यवस्था केलेली होती. म्हणजे ज्याला कष्टाचे उदाहरण म्हणून पुढे केले जाते, ते वास्तविक मदतीचेच उदाहरण आहे. दोन, ही मदत प्रामुख्याने ब्राह्मण मुलांना मिळे; इतर जातींच्या, विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना ती दारे बंद होती. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून पुढे कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभारली, ती याच अन्यायाला उत्तर म्हणून. शाळा उघडल्याने शिक्षण पोहोचत नाही, शिकणाऱ्याच्या राहण्या-जेवणाची सोय केल्यावरच ते पोहोचते, हे त्यांनी शतकापूर्वी ओळखले होते.

हालअपेष्टा माणसाला घडवतात, हे विधान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राच्या आधारे अनेकदा केले जाते. पण तेच चरित्र नीट पाहिले तर निष्कर्ष उलटा निघतो. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये पुढील अभ्यासासाठी लंडनला पोहोचले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीतून साठवलेले पैसे, स्नेह्याकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊ शकले. त्या असामान्य बुद्धिमत्तेचीही सुमारे तीन वर्षे पैशांअभावी खर्ची पडली. परतीची वाट त्यांनी शोधली, याचे श्रेय त्यांच्या निर्धाराला आहे. वाट खुंटवली होती ती दारिद्र्याने; यशाचे श्रेय त्याला देता येणार नाही. साधारण बुद्धीच्या, साधारण निर्धाराच्या विद्यार्थ्यालाही पदवीचा अधिकार आहे, आणि व्यवस्था अपवादांना समोर ठेवून नव्हे, तर त्याच्यासाठी आखावयाची असते.

तिसरा आक्षेप स्वावलंबनाचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने विद्यापीठांत कमवा व शिका योजना चालते; ज्याला गरज आहे त्याने काम करावे, फुकटच्या पैशाने स्वाभिमान नष्ट होतो, असे म्हटले जाते. परंतु कर्मवीरांच्या कार्याचा हा अर्धाच अर्थ झाला. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू करणाऱ्या कर्मवीरांनी मुलांना श्रम करायला लावले, हे खरे. पण श्रमाआधी त्यांच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी असेल याची जबाबदारी त्यांनी स्वतः घेतली, आणि त्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही विकले. स्वावलंबन हे त्या आधाराच्या पायावर उभे होते, आधाराला पर्याय म्हणून नव्हे. आजच्या योजनेत मोबदला तासांवर मोजला जातो, कामाचे तास मर्यादित असतात आणि रक्कम काम झाल्यानंतर मिळते. तिने महिन्याच्या खर्चाला हातभार लागतो, पण आज रात्री रुग्णालयात भरावयाचे पैसे उभे राहत नाहीत. त्यातही आजारी विद्यार्थी, गरोदर विद्यार्थिनी, प्रात्यक्षिकांत दिवस घालवणारे विज्ञान शाखेचे विद्यार्थी यांना कामाचे तास देणे शक्य नसते. कमवा व शिका टिकली पाहिजे, वाढली पाहिजे. परंतु अडचणीच्या क्षणी तिच्याकडे बोट दाखवणे म्हणजे कर्मवीरांचे नाव घेऊन त्यांच्या वसतिगृहाचे दार बंद करणे होय.

चौथा आक्षेप गैरवापराचा. काही जण खोटे सांगून पैसे घेतील, ही शक्यता नाकारता येत नाही. पण मदतीची रक्कम लहान असते, एका विद्यार्थ्याला ती वर्षातून एकदोनदाच मिळते, आणि भाडे किंवा रुग्णालयाचे देयक परस्पर भागवता येते. त्यामुळे फसवणुकीने होणारे नुकसान मर्यादितच राहते. उलट दहा दाखले, तीन सह्या आणि समितीपुढची उलटतपासणी लावली, तर खरा गरजू लाजेने मागे फिरतो. शंभरांतील पाच लबाडांना अडवण्यासाठी उरलेल्या पंचाण्णवांना उपाशी ठेवणारी दक्षता ही दक्षता नव्हे.

पाचवा आक्षेप असा की, हे काम विद्यापीठाचे नाही. याला अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचा अनुभव उत्तर देतो. थोड्या डॉलरांची बाकी राहिल्याने तेथील विद्यार्थ्यांची नावे वर्गातून कमी होत असत. २०११ पासून विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांना स्वतःच शोधून, त्यांच्या अर्जाची वाट न पाहता, ती बाकी भागवण्यास सुरुवात केली. शेवटच्या वर्षातील लाभार्थ्यांपैकी बहुसंख्य पदवीपर्यंत पोहोचले, आणि विद्यार्थी टिकल्यामुळे त्यांचे उर्वरित शुल्कही विद्यापीठाला मिळाले. आपल्याकडेही डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात स्थापन केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाचा भार उचलत आली आहे. जे एका स्वयंसेवी संस्थेला लोकवर्गणीतून साधते, ते विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे म्हणता येत नाही.

तेव्हा व्यवस्था कशी असावी, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयात निर्णयाचा अधिकार असलेला एक शिक्षक व एक कर्मचारी नेमावा. एका पानाचा अर्ज आणि समक्ष बोलणे यांवर तीन कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा व्हावी. शिष्यवृत्ती मंजूर होऊन थकलेली असेल, तर विद्यापीठाने ती आगाऊ देऊन नंतर शासनाकडून वळती करून घ्यावी. खाणावळीत उत्पन्नाचा दाखला न मागता ठरावीक जेवणांच्या पासांची सोय असावी. आणि मदत घेणाऱ्याचे नाव कोणत्याही फलकावर किंवा कार्यक्रमात उच्चारले जाऊ नये. यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही, कारण २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ दिलेलेच आहे. पैशाचा हिशेबही अवघड नाही: समजा पाच लाख विद्यार्थ्यांच्या एखाद्या विद्यापीठाने अंदाजपत्रकात विद्यार्थ्यामागे वर्षाला पन्नास रुपये राखून ठेवले, तर अडीच कोटींचा निधी उभा राहतो आणि सरासरी पाच हजारांप्रमाणे पाच हजार विद्यार्थ्यांना मदत मिळते. माजी विद्यार्थ्यांची देणगी आणि शासनाची समतुल्य रक्कम जोडली, तर हा आवाका आणखी वाढेल.

प्रवेश देणे म्हणजे विद्यार्थ्याला पदवीपर्यंत पोहोचवण्याचे वचन देणे होय. जे विद्यापीठ त्याची हजेरी मोजते, त्याची परीक्षा घेते आणि तो उत्तीर्ण झाला की त्याच्या यशावर आपला हक्क सांगते, त्याने तो उपाशी असताना त्याच्या उपस्थितीचा प्रश्न विचारण्यापूर्वी त्याच्या जेवणाचा प्रश्न सोडवला पाहिजे. आणि पुढील अंदाजपत्रकात या निधीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असणे, ही त्या वचनाची पहिली कसोटी ठरेल.