आगगाडीच्या वाटेने सायकल

आम्ही सायकल सोडली ती गुडघ्यांमुळे नव्हे, मालमोटारींच्या धाकाने. म्हणूनच अमेरिकेतील कंबरलँड ते पिट्सबर्ग ही २४० किलोमीटरांची वाट आम्हांस खुणावू लागली. अ‍ॅलेगेनी डोंगरांतील अरण्यातून जाणारी ही वाट मुख्यतः बंद पडलेल्या लोहमार्गांवर बांधलेली असून २०१३ साली पुरी झाली. मोटारींना तेथे मज्जाव. आगगाडीला उभी चढण कशी मानवणार? रूळ गेले तरी मंद चढाव मागे राहिला, आणि साठी उलटलेल्या आम्हां उभयतांस ७२९ मीटर उंचीचा माथा गाठता आला. त्याअलीकडे हजार मीटरांचा बोगदा आहे (हिवाळ्यात तो बंद ठेवतात). आत नुसता गारवा. पाठीमागे भोंगा नाही! कित्येक वर्षांनी आमच्या सौ. शेजारून, बोलत बोलत सायकल चालवीत होत्या.