रोबोचे गोदाम आणि माझा फ्रिज

गेल्या दिवाळीत माझी बहीण आणि भाचा पुण्याहून इंदूरला आले होते. भाचा अभियंता असून मोठमोठ्या गोदामांत स्वयंचलित यंत्रणा बसविण्याच्या व्यवसायात आहे. भाऊबीजेची जेवणे आटोपल्यावर त्याने आम्हां सर्वांना एक चित्रफीत दाखविली. एक अवाढव्य शीतगृह. दिवे जेमतेम, माणूस एकही नाही. हजारो पेट्या एकीवर एक रचलेल्या, त्यांच्या माथ्यावर रुळांची जाळी, आणि त्या जाळीवर चाकांचे ठेंगणे रोबो बुद्धिबळातल्या हत्तीसारखे उभे-आडवे धावत आहेत. हवी ती पेटी ज्या थप्पीत असेल तिच्या वर येऊन रोबो थांबतो, पट्टे खाली सोडतो, पेटी उचलतो आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसापाशी पोहोचवितो. चित्रफीत संपल्यावर भाच्याने सहज विचारले, “मामा, तुमच्या लसींची गोदामंही अशीच करायला हवीत, नाही का?”

त्या वेळी “हो, करायला हवीत,” एवढे म्हणून मी विषय संपविला. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी लेख मागितला तेव्हा ठरविले की, त्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे द्यावे. ते थोडे लांबलेले आहे, आणि त्यात माझ्याच दवाखान्यातील एका चुकीची कबुली आहे.

प्रथम कौतुक, कारण ते खरोखरच करण्यासारखे आहे. ही पेट्यांची आणि जाळीची कल्पना नॉर्वेतील. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणाऱ्या एका उद्योगातून 1990 च्या दशकात ‘ऑटोस्टोअर’ ही पद्धत पुढे आली. नेहमीच्या गोदामात माणसाला आणि गाडीला फिरण्यासाठी वाटा ठेवाव्या लागतात, म्हणजे निम्मीअधिक जागा हवेनेच भरलेली असते. साध्या गोदामात ही केवळ गैरसोय. पण शीतगृहात त्या रिकाम्या हवेलाही रात्रंदिवस थंड ठेवावे लागते आणि तिचे वीजबिल भरावे लागते. वाटाच काढून टाकल्या की तेवढी थंडी वाचते. दुसरी गोष्ट दरवाजाची. दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते, तिच्यातील बाष्प गोठून शीतकाच्या नळ्यांवर साचते आणि यंत्राची शक्ती ते वितळविण्यात जाते. आत ये-जा करणारी माणसे कमी झाली की दारही कमी उघडते. शिवाय उणे 25 अंशांत माणसाने किती वेळ काम करावे? अंगावर कितीही कपडे चढविले तरी ठराविक वेळाने बाहेर येऊन ऊब घ्यावीच लागते. ज्यांनी असे काम केले आहे त्यांच्या बोटांकडे आणि सांध्यांकडे आपणां डॉक्टरांपैकी कोणी पाहिले असेल, तर ते काम यंत्राकडे जावे याबद्दल त्याला दुःख वाटणार नाही.

यंत्रालाही थंडी बाधतेच. बॅटरीची क्षमता उतरते, वंगण घट्ट होते, आणि थंडीतून बाहेर आलेल्या यंत्रावर दव धरून त्याचे डोळे, म्हणजे संवेदक, आंधळे होतात. म्हणून काही मांडण्यांत रोबो वरच्या सौम्य थंडीत फिरतात आणि माल तेवढा खालच्या गोठणाऱ्या थरात राहतो. आणखी एक धोका आहे. घरपोच किराणा पुरविणाऱ्या ‘ओकाडो’ कंपनीचे इंग्लंडमधील अँडोव्हर येथील रोबोंचे गोदाम फेब्रुवारी 2019 मध्ये आगीत नष्ट झाले. जुलै 2021 मध्ये तिच्याच एरिथ येथील गोदामात तीन रोबो एकमेकांवर आदळून आग लागली. किराणा जळाला तर आठवडाभर लोक दुसऱ्या दुकानात जातील. एका प्रांताची लस एकाच छपराखाली जळाली तर काय, हा प्रश्न भाच्याच्या क्षेत्रातील मंडळींनी आम्हांला विचारून मग आराखडे करावेत.

आता लसीकडे वळू. आपल्याकडे लस कारखान्यातून निघते, मुंबई, कर्नाल, कोलकाता, चेन्नई येथील केंद्र सरकारच्या भांडारांत किंवा थेट राज्याच्या भांडारात येते, तेथून विभाग, जिल्हा आणि शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्र. पुण्याहून 12 जानेवारी 2021 रोजी कोविशिल्डचे पहिले खोके निघाले तेव्हा दूरचित्रवाणीवर सर्वांनी ते पाहिले. त्या दिवशी प्रथमच सामान्य माणसाला ‘शीतसाखळी’ हा शब्द कळला. या साखळीची वरची कडी, म्हणजे मोठी भांडारे, तुलनेने भक्कम आहेत. तेथे शीतखोल्या आहेत, जनरेटर आहेत, तापमानाची यांत्रिक नोंद आहे. 2015 पासून ‘ईविन’ ही सरकारी व्यवस्था आली आणि आपला मध्य प्रदेश तिच्या पहिल्या टप्प्यातच होता. तिच्यामुळे आरोग्य केंद्रातील शीतपेटीचे तापमान दूरच्या अधिकाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर दिसू लागले. रोबो आल्याने या वरच्या भांडारांत कष्ट वाचतील, हिशेब चोख होईल, आधी आलेली लस आधी बाहेर जाईल. पण साखळी तेथे तुटत नाही. ती तुटते ती स्टॉकिस्टच्या गोदामापासून स्कूटरवरच्या थर्माकोलच्या खोक्यापर्यंत, आणि तेथून माझ्या-तुमच्या फ्रिजपर्यंत. हा खासगी प्रदेश कोणाच्याही पडद्यावर दिसत नाही.

येथे डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. लस उष्णतेने बिघडते हे सर्वांना माहीत असते. ती अतिथंडीनेही बिघडते, हे फार थोड्यांना माहीत असते, आणि खेदाची बाब अशी की माहीत असलेलेही ते विसरतात. पोलिओचे थेंब गोठले तरी चालते. परंतु त्रिगुणी, कावीळ-ब, धनुर्वात, न्यूमोकोकल या लसींत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण असतात आणि लसीचा गुणकारी भाग त्या कणांना चिकटलेला असतो. गोठताना ते कण एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या होतात. वितळल्यावर कुपी हलविली की द्रव पुन्हा पांढरट, निर्दोष दिसतो. गुण मात्र गेलेला असतो. कावीळ-ब ची लस शून्याखाली अर्ध्या अंशाला गोठू लागते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात साठवणीच्या काळात लस गोठणबिंदूखाली जाण्याचे प्रमाण गरीब आणि श्रीमंत अशा दोन्ही देशांत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आढळले. 1996 पासून पोलिओच्या कुपीवर जो रंग बदलणारा चौकोन आला, तो फक्त उष्णता सांगतो, गोठणे सांगत नाही. खासगी पुरवठ्यातील अनेक कुप्यांवर तर तोही नसतो.

आता कबुली. जानेवारी 2011 मधली गोष्ट. माझ्या दवाखान्यातील लसींचा फ्रिज मधूनमधून बंद पडत होता. कारागिराने थर्मोस्टॅट बदलून दिला आणि फ्रिज छान थंड करू लागला. आम्ही खूश! 2002-03 च्या भारनियमनात बर्फाच्या लाद्या आणून लसी वाचविलेल्या माणसाला फ्रिज ‘जास्त’ थंड होण्याचे भय कोठून वाटणार? त्या काळापासून माझ्या मनात एकच शत्रू होता, उष्णता. पाचव्या दिवशी खालच्या कप्प्यातील पाण्याची बाटली काढली, तर तिच्या आत बर्फाचे पापुद्रे. कावीळ-ब च्या कुप्या मागच्या भिंतीला टेकलेल्या होत्या. तापमापी दारात लटकत होता आणि तो इमानेइतबारे 4 अंश दाखवीत होता, कारण दार हा फ्रिजमधला सर्वांत उबदार भाग.

नोंदवही उघडली. सकाळ 4, संध्याकाळ 4, सकाळ 4, संध्याकाळ 4. रविवारीही दोन्ही वेळा 4. रविवारी दवाखाना बंद असतो! आमचे कंपाउंडर काका सोमवारी सकाळी येऊन रविवारचे रकाने भरून टाकीत, आणि प्रत्येक पानाखाली सही माझी होती. त्यांना मी रागावू शकलो नाही. वही भरलेली असावी एवढेच मी त्यांना शिकविले होते. ती वाचली जाते असे त्यांना कधी दिसलेच नव्हते.

मग कुपी हलवून पाहण्याची चाचणी केली. त्याच तुकडीची एक कुपी मुद्दाम रात्रभर बर्फाच्या कप्प्यात गोठविली, वितळविली, आणि संशयित कुपीबरोबर हलवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. अर्ध्या तासात दोहोंच्या तळाशी सारखाच पांढरा थर आणि वर नितळ पाणी. त्या पाच दिवसांत या फ्रिजमधील अशा लसी चौदा बालकांना टोचल्या गेल्या होत्या. चौदाही घरी मी स्वतः फोन केले आणि डोस पुन्हा, विनामूल्य, देईन असे सांगितले. बहुतेकांनी समजून घेतले. रामबागेतल्या एका आजींनी विचारले, “म्हणजे डॉक्टर, तुम्ही आमच्या बाळाला पाणीच टोचलंत की हो?” मी “हो” म्हणालो. दोन कुटुंबे पुन्हा आली नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. पण मला आजही छळतो तो वेगळाच विचार. त्याआधीच्या हिवाळ्यांत, जेव्हा मी ती बाटली काढून पाहिलीच नव्हती, तेव्हा काय झाले असेल? त्या मुलांची यादी माझ्यापाशी आहे; त्या रात्रींचे तापमान नाही.

भाच्याच्या चित्रफितीत मला हेवा वाटला तो याचा. रोबोचा वेग, त्याची ताकद हे सारे ठीक. पण त्या गोदामात कोणती पेटी केव्हा आत आली, किती वाजता हलली, त्या वेळी हवा किती अंश होती, हे सारे आपोआप लिहिले जाते, आणि रविवारी कोणी सोमवारच्या हाताने लिहीत नाही. अर्थात यंत्राच्या नोंदीलाही मर्यादा आहेच. संवेदक चुकीच्या जागी लावला तर तोही माझ्या दारातल्या तापमाप्यासारखा खुशाल 4 अंश लिहीत राहील. आणि गोदामात शिरण्यापूर्वी कुपी गोठली होती की नाही, हे रोबोला कळत नाही. तो तिला राजरोसपणे योग्य थंडीत सांभाळत बसेल.

माझे मत स्पष्ट आहे. लसींच्या मोठ्या भांडारांत रोबो अवश्य यावेत. औषधांच्या घाऊक गोदामांत तर लवकर यावेत. परंतु ‘आधुनिक शीतसाखळी’ म्हणून त्यांचे जे फोटो छापले जातील, त्यांवर आपण डॉक्टरांनी समाधान मानू नये. त्यांतील शेवटचा फोटो नेहमी गहाळ असतो, आणि तो आपल्या दवाखान्याचा असतो. ज्या उपकरणाने या देशातील लस खऱ्या अर्थाने सांभाळली ते अगदी साधे आहे: बर्फाच्या अस्तराची, वरून उघडणारी शीतपेटी. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती सांडत नाही, आणि दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तिचे भागते. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात ती आहे. शहरातल्या आपल्यापैकी कित्येक बालरोगतज्ज्ञांकडे मात्र अजून घरगुती फ्रिज आहे, आणि काहींच्या फ्रिजमध्ये लसीशेजारी दुपारचा डबाही असतो. (नावे घेत नाही, संक्रांतीला तिळगूळ घ्यायचा आहे.)

आपल्या संस्थेपुढे मी दोन सूचना ठेवीत आहे. पहिली अशी की, संस्थेने सभासदांसाठी दर काही मिनिटांनी तापमान टिपणारी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रे एकत्रित खरेदी करावीत. आपण खासगीत देतो त्या षट्गुणी लसीच्या दोन-तीन डोसांच्या किमतीत असे एक यंत्र येते. त्याचा संवेदक दारात न लावता कुप्यांच्या मधोमध ठेवावा. दुसरी सूचना अनेकांना रुचणार नाही. या नोंदी दर महिन्याला आपण एकमेकांना दाखवाव्यात, आणि स्टॉकिस्टच्या माणसाने खोके आणून ठेवले की सही करण्यापूर्वी वाटेतल्या तापमानाची नोंद मागावी. नसेल तर खोके परत करावे. एकट्या डॉक्टरने परत केले तर तो तऱ्हेवाईक ठरतो. साठ जणांनी परत केले तर पुढच्या वेळी नोंद बरोबर येईल.

भाच्याला हे सारे पत्राने कळविले. त्याचे उत्तर आले की, खोक्यात टाकण्याजोगे लहान यंत्र तो करून देऊ शकेल, मात्र आधी प्रत्यक्ष दवाखान्यात बसून खोके कसे येते ते त्याला पाहायचे आहे. तो पुढच्या महिन्यात येतो आहे. माझ्या फ्रिजमध्ये सध्या असे एक यंत्र आहे. परवा रात्री दोनच्या सुमारास ते ओरडले, तापमान 1.6. स्वेटर चढवून दवाखान्यात गेलो, थर्मोस्टॅट एक आकडा खाली आणला आणि पारा 3 वर येईपर्यंत बाकावर बसून राहिलो. कंपाउंडर काका आता निवृत्त झाले आहेत. त्यांची ती जुनी नोंदवही मी अजून जपून ठेवली आहे, रविवारच्या पानांसकट.